मांडव उठल्यानंतर



अलीकडे आपल्या भजनी मंडळांना एका नव्या प्रकारचे आमंत्रण येऊ लागले आहे. पूर्वी सप्ताहाचे यायचे, एकादशीच्या जागराचे यायचे, कुणाच्या दशक्रियेचे, कुणाच्या वास्तुशांतीचे यायचे. आता सद्भावनेच्या मैफलीची, शांततेसाठी भरवलेल्या संगीत संध्येची छापील पत्रिका येते. कार्यक्रमात एक कव्वाली असते, एक चर्चमधले समूहगीत असते, एखादे देशभक्तीचे गाणे असते आणि वारकरी संप्रदायाच्या वतीने एक अभंग असतो. वेळ पंधरा मिनिटे. टाळकरी बाराच आणावेत, सर्वांनी पांढरा पोशाख व टोपी घालावी, अशी खाली सूचना असते. गावात काही बरेवाईट घडले, मिरवणुकीवरून दगड उचलले गेले, की महिन्या-दोन महिन्यांत अशी मैफल होते. मग मंडळाचे चालक माझ्याकडे येतात आणि विचारतात, महाराज, जावे की न जावे?

मी पन्नास वर्षे वीणेपुढे उभा राहिलो. आता गुडघे आणि गळा दोन्ही रजेवर आहेत, म्हणून लेखणी हाती घेतली आहे. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण ते देऊ नये असे मला वाटते. ज्याला मैफलीने शांतता येते असे वाटते त्याचेही ऐकले पाहिजे, आणि ज्याला हे सारे ढोंग वाटते त्याचेही. आपल्या शास्त्रात पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धांताला हात घालत नाहीत.

पूर्वपक्ष असा की, एकत्र गाण्याने माणसे जवळ येतात. हे खोटे नाही. टाळ हातात घेतलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पखवाजाचा ठेका लागला, ध्रुपद घेतले, की शंभर माणसांचा श्वास एकाच ठिकाणी थांबतो आणि एकाच ठिकाणी सुटतो. शेजारच्याचा टाळ अर्धी मात्रा पुढे गेला तर आपला हात आपोआप त्याला सांभाळून घेतो. तिथे शेजारी कोण आहे हे बघायला सवड नसते. एकाच बांधावरून वीस वर्षे कोर्टात भांडणारे दोन भाऊबंद एका रांगेत पावली खेळताना मी पाहिले आहेत. अभंग संपल्यावर दोघे एकमेकांच्या पाया पडले, कारण रांगेत सगळेच पडत होते. आणि सोमवारी तारीख होती म्हणून दोघे तालुक्याला गेले. वेगवेगळ्या एसटीने.

आता यातले खरे काय मानायचे? शनिवारची पावली की सोमवारची तारीख? माझ्या मते दोन्ही खरे. म्हणून अशा मैफलीत लोक एकत्र बसले का, हे विचारून भागत नाही. बसतातच. मांडव उठल्यानंतर काय उरले, हे विचारावे लागते. त्यासाठी दोन-तीन ठिकाणची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो. एक फार दूरची आहे, आपल्या संप्रदायाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण शांततेसाठी भरवलेल्या मैफलींत तिचे नाव जगभर घेतले जाते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

अमेरिका खंडाजवळच्या समुद्रात जमैका नावाचे बेट आहे. तिथे १८४५ सालापासून आपल्याकडच्या पूर्वेकडील प्रांतांतून मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, एवढीच आपली ओळख. सन १९७६ च्या सुमारास तिथल्या दोन राजकीय पक्षांचे वैर इतके पेटले होते, की राजधानी किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्या पक्षांनुसार वाटल्या गेल्या होत्या. प्रत्येक वस्तीत बंदुका बाळगणाऱ्या टोळ्या. तिथला बॉब मार्ले हा गायक दोन्हीकडच्या लोकांना प्रिय होता. त्या वर्षी ३ डिसेंबरला त्याच्या घरात घुसून बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्याला लागले, त्याच्या बायकोलाही लागले. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, ठरलेल्या कार्यक्रमात तो उभा राहून गायला. नंतर देश सोडून गेला.

सन १९७८ च्या सुरुवातीला एकमेकांविरुद्धच्या दोन टोळ्यांच्या म्होरक्यांनी आपसांत तह केला. एकाचे नाव क्लॉडी मॅसप, दुसऱ्याचे बकी मार्शल. आपल्या तहाला बळ यावे म्हणून त्यांनी मार्लेला परत बोलावले. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय मैदानात मोठी मैफल झाली. तीस हजारांहून अधिक लोक जमले होते. रात्री उशिरा मार्लेने गाता गाता पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षाचे नेते एडवर्ड सिगा या दोघांना मंचावर बोलावले, दोघांचे हात धरले आणि आपल्या डोक्यावर एकत्र उंच केले.

त्याचे चित्रण आहे. नातवाने मोबाईलवर लावून दिले, मी चार-पाच वेळा पाहिले. गाणारा देहभान विसरलेला आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. गोळी खाऊन पुन्हा त्याच गावात गायला येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या दोन नेत्यांचे चेहरे बघा. हात वर आहेत, चेहरे मात्र फोटो काढून होण्याची वाट पाहणाऱ्या माणसांचे आहेत.

पुढे काय झाले? फेब्रुवारी १९७९ मध्ये मॅसप पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. आणि १९८० हे निवडणुकीचे वर्ष त्या देशाच्या इतिहासात रक्ताचे वर्ष म्हणून ओळखले जाते. त्या एका वर्षात सुमारे ८०० माणसे मारली गेली. ज्यांनी तह केला ते दोघेही दोन-अडीच वर्षांत गेले, आणि मंचावर ज्यांचे हात वर झाले त्यांचे राजकारण होते तसेच चालू राहिले.

यावरून ती मैफल वाया गेली असे मी म्हणत नाही. त्या रात्रीपुरती त्या मैदानात शांतता होती, आणि ज्या आईचा मुलगा त्या रात्री सुखरूप घरी आला तिच्यासाठी ती रात्र खोटी नव्हती. पण तिच्यात एक उणेपण होते आणि ते आपल्याला ओळखता आले पाहिजे. ते दोन हात तिसऱ्याने धरले होते. आपल्याकडे काल्याच्या कीर्तनानंतर माणसे एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा कुणी कुणाची मान धरून खाली वाकवत नाही. वाकणारा स्वतः वाकतो. लहानाच्या पायाशी थोर वाकतो, विणेकऱ्याच्या पायाशी पाटील वाकतो. कंबर ज्याची त्याची. पाय धरणाऱ्याने काहीतरी खाली ठेवलेले असते, क्षणभर का होईना. मॅन्ली आणि सिगा यांना त्या मंचावर काय खाली ठेवावे लागले? काहीच नाही. त्यांना फक्त हात वर करू द्यायचे होते.

त्याच रात्री मार्लेच्या आधी पीटर टॉश नावाचा दुसरा गायक गायला. तो एके काळी मार्लेचाच साथीदार. त्याने शांततेचे गोड बोलणे साफ नाकारले आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांना गरिबांवरच्या अन्यायाबद्दल तोंडावर सुनावले. लोकांना ते त्या प्रसंगी बरे वाटले नसेल. लग्नात कुणी कर्जाचा हिशेब काढावा तसे झाले. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला इतके मारले की जगला हेच नवल. वाचकहो, त्या रात्रीच्या दोघांत आपल्या परंपरेला जवळचा कोण, याचा मी पुष्कळ विचार केला. आपण पटकन हात जोडणाऱ्याचे नाव घेऊ. पण तुकोबांची गाथा ज्याने वाचली आहे त्याला ठाऊक आहे की आपल्या घरात फटकळ बोलणाऱ्यालाही मानाचे पान आहे, आणि चोखोबांनी देवालाच जाब विचारला आहे. गावात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मैफलीत बोलू द्यायचे नाही, फक्त गाणे ऐकून शांत व्हायला सांगायचे, ही शांतता श्रीमंताला स्वस्त पडते.

आता दुसरी गोष्ट, थोडक्यात. सन १९९९ मध्ये जर्मनीतल्या वायमार गावी डॅनियल बॅरेनबॉइम हा इस्रायली संगीतकार आणि एडवर्ड सईद हा पॅलेस्टिनी विद्वान या दोघांनी इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र आणून वाद्यवृंद उभा केला. त्यांची मैफल २००५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या रामल्ला गावीही झाली. पाश्चात्त्य वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांच्या पुढे एकच घोडी असते, तिच्यावर सुरांचा एकच कागद. दोघे एकाच कागदावरून वाजवतात, दोघांपैकी एकाने पान उलटायचे. एक इस्रायली, शेजारी एक अरब. मला ही घोडी फार आवडली. आपल्या टाळाच्या रांगेशी तिचे नाते आहे. शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय स्वतःचे वाजवताच येत नाही, अशी ती रचना आहे. आणि मोठेपणा असा, की या वाद्यवृंदाने शांतता येईल असा दावा बॅरेनबॉइमने स्वतः कधी केला नाही. माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ते अज्ञान थोडे कमी व्हावे, एवढाच त्याचा दावा. आमच्या तालुक्याच्या पत्रिकांवर मात्र एका संध्याकाळीत सगळ्यांची मने जुळणार असतात.

परंतु इथेही एक भेद ध्यानात घ्या. जे वाजवतात त्यांचे शिक्षण होते. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याचे होतेच असे नाही. आपल्या कीर्तनात श्रोता नुसता श्रोता नसतो. टाळी त्याची असते, ध्रुपद त्याचे असते, मध्येच कीर्तनकाराने गजर मागितला की आवाज त्याचा असतो. मैफलीच्या पत्रिकेवर 'बारा टाळकरी' असे लिहिणाऱ्याला हे कळलेले नाही. त्याला आम्ही बारा जण दिसायला हवे आहेत. समोरच्या बाराशेंनी टाळी धरली तर त्याचा कार्यक्रम पंधरा मिनिटांत आटोपणार नाही, ही त्याची खरी अडचण.

आता जवळ येऊ, काशीला.

काशीत संकटमोचन हनुमानाचे मंदिर आहे. त्याचा संबंध परंपरेने गोस्वामी तुलसीदासांशी जोडतात. तिथे चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संगीत समारोह होतो. त्याने आता शंभरी ओलांडली आहे. पाच-सहा रात्री, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गायन, वादन, नृत्य. तिकीट नाही. कुणीही यावे, मंदिराच्या आवारात जागा मिळेल तिथे बसावे. कलावंत तिथे बिदागीसाठी येत नाहीत. ते हजेरी लावायला येतात, आणि तिथे शब्दही हजेरी हाच आहे. पंडित किशन महाराज, बिरजू महाराज, पंडित जसराज अशा थोरामोठ्यांनी तिथे हजेरी लावली, उस्ताद अमजद अली खाँ यांनीही लावली. जसराजजी वर्षानुवर्षे येत. सन २०२० मध्ये टाळेबंदी आली, मंदिर बंद, जसराजजी अमेरिकेत अडकलेले, वय नव्वदीचे. त्या वर्षी समारोह संगणकाच्या पडद्यावरून झाला आणि त्यांनी तिकडूनच गाऊन आपली हजेरी पुरी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

७ मार्च २००६, मंगळवार. मारुतीचा वार, संध्याकाळची आरतीची वेळ, मंदिरात गर्दी. तेवढ्यात तिथे बाँबस्फोट झाला. काशीच्या रेल्वे स्थानकावरही झाला. वीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी एखादे शहर पेटायला किती वेळ लागतो हे आपण सर्वांनी आपापल्या आयुष्यात पाहिले आहे. काशी पेटली नाही. त्या वेळचे महंत वीरभद्र मिश्र हे विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, गंगा स्वच्छ व्हावी म्हणून आयुष्यभर झटले. त्यांनी आणि शहरातल्या मुस्लिम धर्मगुरूंनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी मंदिरात पूजाअर्चा नेहमीप्रमाणे चालू होती, भाविक नेहमीप्रमाणे आले.

हे संगीताने केले असे म्हणालो तर ती अतिशयोक्ती होईल. काशीतले वस्त्रोद्योगाचे धागे, विणणारा एका समाजाचा आणि विकणारा दुसऱ्या, याचाही त्यात वाटा असणार. पण इतके नक्की म्हणता येईल की ज्या आवारात बाँब फुटला, ते आवार काशीच्या लोकांना परके नव्हते. तिथे त्यांनी रात्री जागवल्या होत्या. ज्या शहरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी गंगेकाठच्या बालाजी मंदिरात लहानपणी रियाज केला, त्या शहराला मंदिरात कोण वाजवतो हा प्रश्न नवा नव्हता. महंतांनी शब्द टाकला आणि तो लोकांनी झेलला, याचे कारण महंत लोकांना ठाऊक होते. बाँब फुटल्यावर कुणी शांततेची समिती नेमली असती आणि तिने पहिली मैफल भरवली असती, तर तिचे कुणी ऐकले नसते.

पुढे एप्रिल २०१५ मध्ये पाकिस्तानचे गायक गुलाम अली याच मंदिरात, मारुतीरायासमोर गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत जगजीत सिंह यांच्या स्मरणार्थ त्यांची मैफल ठरली होती. राजकीय विरोधामुळे ती रद्द करावी लागली. दुसऱ्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, ते पुन्हा संकटमोचनला गेले. तिथेही विरोध झालाच, पण ते गायले. गायक तोच, गळा तोच. पाकिस्तानी कलावंतांना बोलवावे की नाही, यावर तुमची मते काही असोत, त्या वादात मी पडत नाही. मला इथे एवढेच दिसते की मुंबईचे सभागृह भाड्याचे होते आणि काशीचे आवार कुणाच्या तरी घरचे होते. भाड्याच्या जागेत पाहुण्याच्या पाठीशी उभे राहायला यजमानच नसतो, आयोजक असतो. आयोजक पैसे परत करून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट. संकटमोचनच्या समारोहाच्या नावात शांतता नाही, एकता नाही, सद्भावना नाही. तो मारुतीरायाच्या सेवेसाठी आहे. आपणही पंढरीला राष्ट्रीय एकात्मता साधायला जात नाही, विठोबाला भेटायला जातो. विहीर पाण्यासाठी खणावी, तिच्याजवळचा गारवा आपोआप मिळतो. केवळ गारव्यासाठी कुणी विहीर खणायला घेतली तर तो दोन हातांवर खणणे थांबवतो, कारण तेवढ्यानेही सावली पडते.

इथवर वाचून एखादा वारकरी सुखावला असेल, की आपली वारी सगळ्यांत श्रेष्ठ ठरली. थोडे थांबा माऊली. आपल्या घराचेही माप काढू.

सातशे वर्षे आपण टाळ वाजवत पंढरीला जात आहोत. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, ती कुण्या दंग्यानंतर सुचलेली नाही, दरसालची आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संतांच्या मालिकेत बसवले. या गोष्टींचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण त्याच सातशे वर्षांत महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात चोखोबांची समाधी होती आणि चोखोबांची लेकरे त्या पायरीच्या आत जाऊ शकत नव्हती. चोखोबांचे अभंग आत गायले जात होते! गाणारे तल्लीन होत होते, डोळे पुसत होते, आणि दार बंद होते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले, ते १० मे रोजी सुटले. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले होते. एवढी शतके एकत्र गाऊन जे दार उघडले नाही, ते एका माणसाने उपाशी राहून ढकलावे लागले.

हे मी कीर्तनात सांगे तेव्हा काही जण उठून जात. जावोत. पण मैफलीवाल्यांना आपण जो प्रश्न विचारणार आहोत तो आधी आपल्याला लागू होतो, म्हणून सांगितले. सुरांनी मन मऊ होते. मऊ झालेल्या मनाला पुढचे काम नेमून दिले नाही तर ते पुन्हा जागच्या जागी घट्ट होते. वितळलेल्या तुपासारखे.

गाडगेबाबांना हे पक्के ठाऊक होते. गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचे, लोकांना झाडायला लावायचे, आणि मग रात्री कीर्तन. ज्याने सकाळी दुसऱ्याच्या आळीतली घाण उचलली तो रात्री त्याच्या शेजारी बसला की त्या बसण्याला अर्थ आला. बाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा बांधली. तिची वीट अन् वीट कीर्तन ऐकलेल्या माणसांच्या पैशातून आली. आपण मात्र आता कीर्तन आणि दक्षिणा यांचा क्रम उलटा केला आहे. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नसुद्धा घेऊ नये असा तुकोबांचा दंडक, आणि आजच्या काही कीर्तनकारांचा आकडा ऐकून सप्ताह कमिटीचा घसा कोरडा पडतो. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. गाव सांगत नाही, ते लोक अजून तिथेच नांदत आहेत. त्या गावच्या सप्ताहाला वर्षानुवर्षे एकच मांडववाला, मुसलमान. मांडव त्याचा, सतरंज्या त्याच्या, महाप्रसादाच्या कढया त्याच्या. एके वर्षी मिरवणुकीतल्या कर्ण्यावरून दोन आळींत मारामारी झाली. दोघांची डोकी फुटली, पोलीस आले. वातावरण निवळावे म्हणून शहरातल्या मंडळींनी शाळेच्या मैदानात सद्भावना मैफल घेतली. चांगली झाली, मीही ऐकली. गायक तयारीचा होता. मांडव शहरातून आणला होता.

सप्ताह महिन्यावर आला. कमिटीतले कुणी मांडववाल्याला निरोप देईना. देऊ नये असे कुणी म्हणालेही नव्हते, पण प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने द्यावा. शेवटी तो स्वतःच आला. मी ओट्यावर बसलो होतो. म्हणाला, "महाराज, यंदा मांडव दुसऱ्याचा हाय का?" मी म्हणालो, "चाचा, मला काय माहीत? कमिटीला विचार." तो म्हणाला, "त्यास्नी विचारलं तर ते नाही म्हणायला लाजतील. तुम्ही विचारा, म्हणजे खरं काय ते कळंल." मी विचारले. दोन रात्री बैठक चालली. तिथे जे बोलणे झाले ते मैफलीत कुणी काढले नव्हते. कोणी दगड मारला, कोणाच्या पोराचे नाव पोलिसांत विनाकारण गेले, दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा. आवाज चढले, एकाने चप्पल पायात घातली आणि पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी मांडवाच्या बल्ल्या आल्या. दवाखान्याच्या खर्चाचा अर्धा भाग त्या वर्षीच्या वर्गणीतून द्यायचा ठरला, आणि त्यावरून एक घर अजून कमिटीवर रुसलेले आहे.

म्हणून, मंडळाच्या चालकांनो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. जावे. आमंत्रण आले आणि मोडले, असे वारकऱ्याने करू नये. पण होकार देण्याआधी आयोजकाशी सविस्तर बोला. ज्या दोन आळींत भांडण झाले त्या आळींतली माणसे कामाला आहेत का ते विचारा. नुसती खुर्चीवर नकोत. सतरंजी कोण घालणार, चहा कोणाच्या घरून येणार, भांडी कोण घासणार, हे विचारायला लाजू नका. ज्याचे नुकसान झाले तो येणार आहे का, आणि त्याला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलू देणार आहात का, तेही विचारा. पुढाऱ्यांचे सत्कार गाण्याच्या आधी नको, गाण्याच्या नंतरही नको. पांढऱ्या टोपीची सक्ती असेल तर हसून सोडून द्या, टोपी आपली आहेच. बारा टाळकऱ्यांची अट मात्र मोडा. टाळांचे आणखी वीस जोड सोबत न्या आणि समोर बसलेल्यांच्या हातांत द्या. ज्याला वाजवता येत नाही त्याच्या शेजारी आपला एक जाणता माणूस बसवा. कव्वालीवाल्यांनाही सांगा, तुमचे गाणे चालू असताना आम्ही टाळी धरू, आमचा अभंग चालू असताना तुम्ही धरा. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली तर आयोजक चुळबुळ करील. करू द्या.

आणि निघण्यापूर्वी पुढच्या वर्षीची तिथी विचारून घ्या. तारीख नको, तिथी विचारा, म्हणजे ती कुणाच्या वाढदिवसाला किंवा निवडणुकीला जोडली जाणार नाही. आमच्या तालुक्यात एका ठिकाणी असे विचारल्यावर आयोजकांनी एकमेकांकडे पाहिले आणि सांगतो म्हणाले. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. कार्तिक वद्य तृतीया सांगितली आहे. मांडव कोणाचा, ते अजून ठरायचे आहे.